डब्याआधीचे जंगल

जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या आधाराने रानात लपवलेला डबा हुडकण्याचा खेळ. त्याचा इतिहास उपग्रहापासून सांगायची रीत आहे, आणि तिला आधारही आहे. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे भरकटणारे हातातले यंत्र एकाएकी बऱ्यापैकी नेमकी जागा दाखवू लागले. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली अर्धवट पुरली. आत वही, पेन्सिल, गलोल, काही पुस्तके. अक्षांश-रेखांश जाहीर झाले आणि शोधणारे पोहोचले. पण उपग्रहाने फक्त पत्ता दिला. कोणालाही पायी हिंडता येईल असे रान आधी असावे लागते, आणि ते आपोआप होत नाही.

अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्याचे पाहा. आज तिथल्या राज्य उद्यानांतल्या दाट झाडीत असे डबे लपवलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच डोंगरांवरचा पाइन आणि हेमलॉक तोडून नेला होता. हेमलॉकची साल चामडे कमावायला लागे. सोललेली खोडे पुष्कळदा तिथेच कुजत पडत. उरलेल्या वाळक्या फांद्यांवर रेल्वे इंजिनाची ठिणगी पडली की वणवा पेटे. जोसेफ रॉथरॉक या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाने यावर लोकमत जागे केले, १८९५मध्ये ते राज्याचे पहिले वनआयुक्त झाले आणि १८९८पासून सरकार ही उजाड जमीन विकत घेऊ लागले. पुढे मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी झाडे लावली, पायवाटा काढल्या, बंधारे घातले. महिना तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस बहुधा थेट घरी जात. १९५५नंतर राज्याच्या वनखात्याचे प्रमुख मॉरिस गोडार्ड यांनी ध्येय ठेवले, प्रत्येक नागरिकाच्या पंचवीस मैलांच्या आत एक उद्यान.

कोणी म्हणेल, सरकारी उद्यानांशिवायही असा खेळ होताच. इंग्लंडच्या डार्टमूरवर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूलपाशी बाटली ठेवली, आणि तिथवर चालत आलेले लोक तीत आपली कार्डे टाकत. हे खरेच, पण त्याने लंगडा पडतो तो उपग्रहाचा दावा. मोकळे माळरान तिथेही होतेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डब्याच्या ओढीने लोक वाट सोडतात, झुडपे तुडवतात. म्हणूनच अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांनी डब्यांना बव्हंशी नकार दिला. पेनसिल्व्हेनियाने मधला मार्ग काढला: डबा ठेवण्याआधी उद्यानाच्या व्यवस्थापकाची परवानगी घ्यायची. खेळाच्या स्वतःच्या नियमांतही आता जमीन खणून डबा पुरायला मनाई आहे. मला ही शिस्त रास्त वाटते, कारण तिथले जंगल एकदा पुरते गेले होते. आता ते कोणालाही खुले आहे: पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांत प्रवेशाला आजही तिकीट नाही.