वृद्ध शुकाचा आहार

वात्स्यायनानें ६४ कलांत पोपट-मैनांस बोलावयास शिकविण्याची कला गणली आहे, आणि नागरकाच्या दिनक्रमांत भोजनोत्तर तिला जागाही दिली आहे. बोलका पोपट म्हातारा झाल्यावर त्यास काय घालावें, हा प्रश्न मात्र त्या यादींत नाहीं.

बाणभट्टाची दृष्टि तिकडे वळली. ७ व्या शतकांतील त्याच्या 'कादंबरी'त पंपासरोवराकाठच्या शाल्मलीवर वैशंपायन शुकाचा जरठ पिता राहतो. पिसें झडलेलीं, उडण्याचें त्राण नाहीं. इतरांच्या घरट्यांतून पडलेले साळीचे दाणे, झाडाच्या बुंध्याशीं सांडलेले फळांचे तुकडे तो वेचतो, आधीं पिलास भरवितो व उरेल तें आपण खातो. थकलेल्या पक्ष्याचें अन्न त्याच्या चोंचीच्या आटोक्यांत हवें, हें कवीनें किती अचूक हेरलें!

पिंजऱ्यांत बहुधा नुसत्या सूर्यफुलाच्या बिया पडतात. त्यांत चरबी भरपूर, पण अ जीवनसत्त्व व चुन्याचा अंश अपुरा. ४० वर्षें सहज जगूं शकणाऱ्या आफ्रिकी करड्या पोपटास तें उतारवयांत भोंवतें. गाजर, तांबडा भोपळा, पालेभाजी, मऊ शिजविलेलें धान्य, बसावयास सखल व रुंद दांडी, आणि ऊब यांची त्यास गरज असते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें आज देशी पोपट पाळतां येत नाहीं, हें बरेंच झालें. पण विदेशी पक्षी घरांत येतच आहेत, आणि एखादा धन्याच्या पश्चात्‌ही जगतो. त्यास तेव्हां कोण भरविणार, हें आधींच ठरवावें लागतें.