प्रतिसादी संकेतस्थळ रचना

प्रतिसादी संकेतस्थळ रचना ही संकेतस्थळे तयार करण्याची अशी पद्धत आहे, की जिच्यामुळे एकच पान मोबाइल, टॅबलेट आणि संगणक यांच्या पडद्यांवर त्या त्या पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलून वाचनीय राहते. इंग्रजीत तिला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन रचनाकार ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या ऑनलाइन नियतकालिकातील लेखातून रूढ केली. मोठे पान आक्रसून लहान पडद्यावर बसवणे म्हणजे प्रतिसादी रचना नव्हे. मजकुराची नव्याने मांडणी होणे तीत अभिप्रेत आहे.

इतिहास

छापील पानाची रुंदी छपाईपूर्वीच ठरलेली असते. आरंभीच्या रचनाकारांनी हीच सवय वेबवर आणली आणि पुढे ९६० पिक्सेल रुंदीची ठोकळेबाज पाने सर्वत्र दिसू लागली. वस्तुतः साध्या एचटीएमएल पानाला स्वतःची रुंदी नसते. मिळेल तेवढ्या जागेत ते पसरते. ही लवचीकता म्हणजे माध्यमाचे वैगुण्य नसून त्याचे सामर्थ्य आहे, असे प्रतिपादन जॉन ऑलसॉप यांनी २००० साली ‘अ डाओ ऑफ वेब डिझाइन’ या लेखात केले होते. प्रत्यक्ष व्यवहारात ते रुजायला मात्र दशक जावे लागले.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘वॅप’ तंत्रात मोबाइलसाठी निराळ्या भाषेत, बहुतांशी केवळ मजकुराची, स्वतंत्र पाने लिहावी लागत. २००७ मध्ये आलेल्या आयफोनच्या न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) संगणकासाठीचे संपूर्ण पान दिसू लागले. तो न्याहाळक पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते ३२० पिक्सेलांत बसवी. परिणामी १६ पिक्सेलांचे अक्षर जेमतेम ५ पिक्सेलांचे होई आणि वाचकाला दोन बोटांनी पान मोठे करून ते इकडेतिकडे सरकवावे लागे. यावर उपाय म्हणून अनेक संस्थांनी ‘एम’ या अक्षराने सुरू होणाऱ्या पत्त्यावर वेगळे मोबाइल संकेतस्थळ काढले. विकिपीडियानेही दीर्घकाळ हीच पद्धत वापरली. मात्र यात दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागत आणि मोबाइलची आवृत्ती अनेकदा अपुरी राही.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘द बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राचे प्रतिसादी संकेतस्थळ सुरू झाले. एवढे मोठे दैनिक या पद्धतीने चालू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधात मोबाइलस्नेही पानांना प्राधान्य देण्यास आरंभ केला. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. इंटरनेटशी पहिली ओळखच मोबाइलवरून झालेल्या आणि घरी संगणक नसलेल्या वाचकांच्या दृष्टीने मोबाइलवरील पान हेच मूळ पान ठरले.

तंत्र

मार्कॉट यांच्या मांडणीत तीन घटक आहेत : प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी. प्रवाही जाळीत स्तंभांची रुंदी पिक्सेलांऐवजी टक्क्यांत देतात. ९६० पिक्सेलांच्या पानावरील ३०० पिक्सेलांचा स्तंभ म्हणजे ३१.२५ टक्के. पण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर तेवढेच टक्के धरले, तर स्तंभ ११२.५ पिक्सेलांचा उरतो आणि एका ओळीत दोन-तीन शब्दच मावतात. म्हणजे निव्वळ टक्केवारी पुरत नाही. ठरावीक रुंदीखाली स्तंभ एकाखाली एक घ्यावेत, ही सूचना मीडिया क्वेरी देते. तिच्या नियमांना वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जून २०१२ मध्ये शिफारशीचा दर्जा दिला.

येथील पिक्सेल हा पडद्यावरील प्रत्यक्ष ठिपका नव्हे. १०८० ठिपके रुंद असलेला मोबाइल न्याहाळकाला बहुधा ३६० पिक्सेलच सांगतो. ही खरी रुंदी वापरली जावी यासाठी पानाच्या शीर्षभागात ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ लिहावी लागते. ती राहून गेली, तर बाकीचे सर्व नियम बिनचूक असूनही पान आक्रसलेलेच दिसते. त्याच ओळीत पान मोठे करण्यास मज्जाव करणारी सूचनाही घालता येते. मंद दृष्टीच्या वाचकांवर तो अन्यायच होय.

ल्यूक रोब्लेव्स्की यांनी पुरस्कारलेल्या ‘मोबाइल फर्स्ट’ विचारानुसार आधी लहान पडद्याची रचना करावी व नंतर ती विस्तारावी. जागा थोडी असल्याने अत्यावश्यक काय, हे रचनाकाराला आरंभीच ठरवावे लागते. याउलट, संगणकासाठी केलेल्या पानातील भाग मोबाइलवर नुसते लपवले, तर त्यांतील चित्रे सहसा उतरवली जातातच. वाचकाचा डेटा खर्च होतो आणि माहितीही मिळत नाही.

स्पर्श आणि अर्ज

माउसचा बाण सूक्ष्म असतो, बोट जाड असते. ऑक्टोबर २०२३ मधील ‘डब्ल्यूसीएजी २.२’ या सुगम्यता निकषांनुसार दाबायची जागा सर्वसाधारणपणे किमान २४ × २४ पिक्सेल असावी किंवा शेजारच्या जागांपासून पुरेशी दूर असावी. अधिक कडक पातळीवर ४४ × ४४ पिक्सेल अपेक्षित आहेत. बाण नुसता वर नेल्यावर उघडणाऱ्या याद्या स्पर्शपडद्यावर निरुपयोगी ठरतात. आकड्यांच्या रकान्यासाठी आकड्यांचाच कळफलक उघडावा. केवळ इंग्रजी अंक स्वीकारणारा रकाना मराठी कळफलकावरून टंकलेले ‘९’ चुकीचे ठरवतो आणि अर्जदाराला आपले काय चुकले ते उमगत नाही.

देवनागरी मजकूर

इंग्रजीसाठी केलेले साचे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत अधिक अंतर लागते. नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिल्याने ‘महानगरपालिकेकडून’ यांसारखे लांब शब्द सर्रास येतात. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवल्या, तर अशा शब्दांमुळे ओळीत मोठी भगदाडे पडतात. म्हणून मोबाइलवर केवळ डावी कडा जुळवणे बरे.

पानाची भाषा मराठी असल्याचे संहितेत नोंदवल्यास, तशी सोय असलेल्या टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे उमटतात. अन्यथा हिंदी वळणे दिसतात. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली जुनी मराठी पाने मोबाइलवर तो टंक नसल्यामुळे निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. ती कितीही प्रतिसादी केली तरी आधी युनिकोडमध्ये आणल्याखेरीज वाचता येत नाहीत. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, रोमन अक्षराला १. तरीही पानाचे वजन प्रामुख्याने वाढते ते चित्रांमुळे व टंकांच्या फायलींमुळे.

कोष्टके

गुणपत्रक, सातबारा उतारा, रेल्वेचे वेळापत्रक यांत आडव्या व उभ्या रांगांचा संबंध महत्त्वाचा असतो. रांगा मोडल्या तर कोणता आकडा कशाचा, हे कळत नाही. ‘डब्ल्यूसीएजी’नुसार एरवी ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर वाचताना आडवे सरकवावे लागू नये, परंतु कोष्टकांना यातून सूट आहे. अशा वेळी केवळ कोष्टक आडवे सरकू द्यावे, पान नव्हे. आणि विषयाचे किंवा गावाचे नाव असलेला पहिला स्तंभ जागीच स्थिर ठेवावा. रांगा थोड्या असल्यास प्रत्येक रांगेची स्वतंत्र चौकट करून आकड्यापुढे त्याचे शीर्षक पुन्हा लिहिता येते. २०१७ मधील जिओफोनसारख्या साध्या फोनांचा पडदा तर २४० पिक्सेलच रुंद आहे. त्यावर ही चौकटींची रीतच अधिक सोयीची पडते.