विजापूर : गाईडच्या मागून चालताना

आदिलशाहीची जवळजवळ दोनशे वर्षांची राजधानी असलेल्या विजापूरला (आजच्या विजयपूरला) सहलीस जाल, तेव्हा पायीच हिंडा. सोबत गाईड जरूर घ्या. मात्र सुलतानांची सालवारी वहीत उतरवून न्या.

आरंभ बहुधा गोलघुमटापासून होतो. हा मुहम्मद आदिलशहाचा (१६२७–१६५६) मकबरा. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे १४४ फूट, आणि आत एकही खांब नाही! गाईड वरच्या सज्जात नेऊन टाळी वाजवायला लावील. अवश्य वाजवा. पण चढण्यापूर्वी, एकमेकींना छेदत गेलेल्या आठ कमानी खालून नीट पाहा. चौकोनी इमारतीवर वाटोळा घुमट त्यांच्याच आधाराने बसला आहे. प्रतिध्वनीच्या कौतुकात गवंड्याचे हे गणित पाहायचे राहून जाते.

तेथून पश्चिमेस मैलाहून अधिक चालले की अपुरी राहिलेली बारा कमान लागते. येथे सांगतात, की तिची सावली गोलघुमटावर पडेल म्हणून बापाने मुलाला ठार करविले व काम थांबले. आता वही उघडा. बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची नियोजित कबर. तो गादीवर आला तोच १६५६ मध्ये, बाप मुहम्मदशहा वारल्यानंतर. मग मेलेल्या बापाने मुलाला मारविले कसे? अली वारला १६७२ साली. मागे गादीवर अवघा चार-पाच वर्षांचा सिकंदर, आणि दरबारात दख्खनी व अफगाण सरदारांची भांडणे. काम थांबायला मला एवढे कारण पुरेसे वाटते. पण खुनाची कथा रंगतदार असते. सहलीहून परतलेली मुले निबंधात तीच लिहितात, आणि एका राजघराण्यावर विनाकारण पुत्रहत्येचा डाग राहतो.

जवळच्या गगन महालाची प्रचंड कमान पाहून पुढे चला. सिकंदरने १६८६ मध्ये औरंगजेबापुढे शरणागती पत्करली आणि शहराचे राजधानीपण संपले. तटाबाहेरच्या इब्राहीम रोजाला मात्र वेगळी सकाळ ठेवा. घाईत पाहण्याची ती वास्तू नव्हे.

पश्चिमेच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली आणि १६३२ मध्ये परंड्याच्या किल्ल्यातून येथे आणली. म्हणजे आपल्याच मुलखातली ही पाहुणी. १८५४ साली इंग्रजी अंमलात निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! अधिकाऱ्यालाच ती फार कमी वाटली, म्हणून विक्री रद्द झाली. गाईडने ही हकीकत सांगितली नाही, तर तुम्ही त्याला सांगा.