भाडं कुणाच्या अंगावर?

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला आहे, १८५८ पासून. एवढ्या एका फरकाने या दोन गावांचा व्यापार वेगवेगळ्या वाटांनी गेला. माझं घरही याच दोन गावांत विभागलेलं आहे. माहेर दौंडचं, अण्णा तिथल्या स्टेशनावर पार्सल ऑफिसात होते. सासर शिरूरचं, पेठेत किराणा-भुसाराचं जुनं दुकान. त्याच दुकानामागच्या खोलीतून मी आता वाळवण आणि मसाले ऑनलाइन विकते. कुरडया, सांडगे, बाजरीच्या खारवड्या, येसर, काळा मसाला. नवं गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा तिखट किती आहे हे नंतर विचारतं. आधी विचारतं, "ताई, डिलिव्हरी फ्री आहे ना?"

लोकांना हा प्रश्न मोबाइलबरोबर आल्यासारखा वाटतो. मालाच्या भाड्यावरून या भागात बैलांच्या पाठीवरून माल जायचा तेव्हापासून बोलणी होत आली आहेत. फुकट असं तेव्हाही काही नव्हतं. भाडं कुणाच्या अंगावर पडतं आणि ते त्याला दिसतं की नाही, एवढंच दर पिढीत बदलत गेलं.

बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये झाला. त्याआधी कोकणातून देशावर येणारं मीठ आणि देशावरून उतरणारं धान्य लमाणांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत यायचं-जायचं. वाटेत ठिकठिकाणी जकातीच्या चौक्या. प्रत्येक चौकीवर थांबणं, गोण्या उतरवणं, पैसे मोजणं व्यापाऱ्याला परवडायचं नाही. म्हणून तो हुंडेकऱ्याशी बोली करायचा. हुंडेकरी सगळ्या प्रवासाचा एकच आकडा सांगायचा. बैलांचं भाडं, वाटेतल्या जकाती, सगळं त्यात. याला हुंडेभाडं म्हणत. आजच्या 'सर्व खर्चासहित' किमतीचा हा आपल्याकडचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. पण त्यात एक गोष्ट स्वच्छ होती. आकड्यात काय काय धरलं आहे ते देणारा आणि घेणारा दोघेही जाणत होते. जकात वाढली की हुंडेभाडं वाढायचं, आणि का वाढलं ते सांगता यायचं. मुंबई इलाख्यातल्या या वाटेवरच्या जकाती १८३८ मध्ये उठल्या.

शिरूरची, जुने लोक म्हणतात त्या घोडनदीची, बाजारपेठ वाढली ती छावणीमुळे. इंग्रजांच्या पुणे फौजेचा तळ इथे होता. कोरेगावच्या लढाईची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथूनच निघाली. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये इथे वारला आणि लोकांनी त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला सुगीचं नवं धान्य वाहायला सुरुवात केली. फौज आली की दाणा-वैरण लागते, कापड लागतं, सावकार लागतो. पुणे-नगर रस्त्यावरचं हे गाव असं पेठेचं झालं.

रेल्वे मात्र दक्षिणेकडून गेली. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुणे ते डिकसळ, दौंडावरून. तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग पुरा व्हायचा होता. तो १८६३ मध्ये झाला. मधली पाच वर्षं माल घाटाच्या एका टोकाला गाडीतून उतरवायचा, बैलगाड्यांनी घाट पार करायचा आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा रेल्वेत भरायचा. दोनदा हमाली, दोनदा चढ-उतार. या धंद्यातली एक गोष्ट मला अण्णांनी शिकवली ती हीच. माल चालताना फार खात नाही, थांबताना आणि हात बदलताना खातो. दुष्काळाच्या काळात, लोकांना काम देत देत, दौंड-मनमाड लाइन बांधली गेली आणि १८७८ मध्ये सुरू झाली. दौंड जंक्शन झालं. १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडी तिथूनच निघू लागली. नगरलाही रेल्वे मिळाली आणि दोन्हींच्या मध्ये शिरूर कोरडं राहिलं.

सासरच्या लोकांनी मग काय केलं? न्हावरे, पारगाव करत भीमा ओलांडून बैलगाड्या केडगाव स्टेशनला नेल्या. माझे आजेसासरे सांगत ते सासूबाईंच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे. एका व्यापाऱ्याची गाडी कधी भरत नसे. म्हणून पेठेतले तीन-चार दुकानदार एकच गाडी करायचे. याची ज्वारी, त्याची हुलग्याची पोती, तिसऱ्याचं गूळ-तेल परत येताना. भाडं वजनावर वाटून घ्यायचं आणि हमाली ज्याची त्याने द्यायची. आमच्या जुन्या वहीत 'गाडीभाडे', 'हमाली', 'तोलाई' अशा ओळी वेगवेगळ्या आहेत. मालाच्या भावात भाडं मिसळलेलं कुठेच सापडत नाही. गाडी रिकामी परत आणणं तर पापच. परतीच्या फेरीचं भाडं कमी घ्यायचे, कारण बैल तसेही घरी यायचेच होते. एकत्र माल पाठवून वाचलेले पैसे ज्यांनी एकत्र पाठवला त्यांच्यात वाटले जायचे. मला यापेक्षा न्याय्य पद्धत अजून सापडलेली नाही.

दौंडच्या पार्सल ऑफिसात मी लहानपणी डबा द्यायला जायचे, म्हणून तिथली भाषा मला घरच्या भाषेसारखी येते. पोत्यावर, पेटीवर काळ्या शाईने पत्त्याचं मार्किंग. दौंडच्या मालावर 'डीडी'. मग वजनकाटा, मग रेल्वेची पावती, जिला सगळे आर. आर. म्हणत. या पावतीवर दोन गोष्टी ठरायच्या. पहिली, 'पेड' की 'टू पे'. पेड म्हणजे पाठवणाऱ्याने भाडं आधीच भरलं. टू पे म्हणजे माल सोडवणाऱ्याने भरायचं. नाशवंत मालाला टू पे सहसा चालत नसे. कुणी सोडवायला आलंच नाही तर कुजलेल्या मालातून रेल्वेने भाडं कसं वसूल करायचं? दुसरी गोष्ट, जोखीम कुणाची. मालकाच्या जोखमीवर माल धाडला तर दर कमी. रेल्वेच्या जोखमीवर धाडला तर जास्त. अण्णा प्रत्येक नव्या माणसाला हे समजावून सांगत. खिडकीमागे रांग वाढली तरी सांगत. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने आपण कशाचे पैसे देतोय हे समजून द्यावेत.

तिथेच मला कमीत कमी आकाराचा नियम कळला. छोट्या पार्सललाही ठरलेल्या वजनाइतकं भाडं पडायचंच. म्हणून एकाच गावाला जाणाऱ्या दोन पेट्या एका गोणपाटात शिवून एकच नग करायचा, ही युक्ती आजूबाजूच्या गावच्या लोकांना पाठ होती. वजनापेक्षा जागा खाणाऱ्या मालाचा हिशेबही वेगळाच. दाबून गाठी बांधलेल्या कापसाला एक दर आणि मोकळ्या, न दाबलेल्या कापसाला दुसरा, चढा. कडब्याचं तर विचारूच नका. पेंढ्यांनी वॅगन शिगोशीग भरलेली दिसायची आणि काट्यावर काहीच नाही. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्ट्या मालाची वाहतूक जवळपास बंद करून पूर्ण वॅगन आणि पूर्ण गाडीचा माल धरला. शिरूर-दौंडच्या छोट्या व्यापाऱ्याचा माल ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या ट्रकवर गेला. बिल्टीवर शब्द मात्र तेच राहिले, पेड आणि टू पे. शिरूरला एसटीचाही आधार होता. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली ती या आमच्याच रस्त्याने. टपावर टोपल्या टाकायच्या आणि लगेजचं तिकीट घ्यायचं.

घरबसल्या माल मागवण्याचा खरा इतिहास मात्र टपालाचा आहे. १८५४ पर्यंत पत्राचा दर अंतरावर होता. त्या वर्षी लॉर्ड डलहौसीच्या काळात सगळ्या हिंदुस्थानाला एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते दौंडहून पुण्याला जावो की कलकत्त्याला. तिकीट न लावता टाकलं तर घेणाऱ्याला दुप्पट. म्हणजे जवळच्या पत्राने लांबच्या पत्राचा भार उचलायचा, असं सरकारने ठरवलं. मला हा निर्णय मनापासून पटतो. पत्र ही सगळ्यांची गरज होती आणि ओझं सगळ्यांत थोडं थोडं वाटलं गेलं. १८७७ मध्ये व्ही. पी. आली. पोस्टमन पार्सल दारात आणणार, किंमत आणि टपाल खर्च घेणार आणि पैसे विक्रेत्याकडे जाणार. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी, औषधवाल्यांनी आणि बियाणंवाल्यांनी या सोयीवर गावोगाव गिऱ्हाईक उभं केलं. जुन्या मासिकांतल्या जाहिराती काढून पाहा. किमतीपुढे 'टपाल खर्च वेगळा' ही ओळ असतेच. कुठे 'एकदम जास्त प्रती घेतल्यास टपाल खर्च माफ' असतं. एकत्र पाठवल्याने वाचलेलं टपाल वाचकाला परत द्यायचं, हा व्यवहार त्या दोन ओळींत पुरा व्हायचा. व्ही. पी. नाकारली की पार्सल परत यायचं आणि जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी. म्हणून ऑर्डरसोबत थोडी रक्कम आगाऊ मागायची पद्धत पडली.

सरकारने तर पुढे एक पाऊल टाकलं. १९५६ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलादाचं भाडं देशभर समान करून टाकलं होतं. कारखान्याच्या शेजारी आणि हजार मैलांवर पोलाद एकाच भावाने. पुणे जिल्ह्यातल्या कारखानदारीला त्याचा फायदा झाला. ज्या बिहारच्या खाणींशेजारी कारखाने निघायला हवे होते, त्यांचं नुकसान झालं. समान भाव मिळाला म्हणून कुणी बिहारचे आभार मानलेले मी ऐकले नाहीत. शिरूरच्या दुकानात मिळणारी युरियाची ४५ किलोची गोणी आजही देशभर एकाच कमाल किमतीला विकली जाते. तिचं भाडं अनुदानातून जातं. शेतकऱ्याला ते दिसत नाही आणि मला वाटतं, दिसायला हवं.

आता माझ्या खोलीतला हिशेब सांगते. ऑनलाइन बाजारात 'मोफत डिलिव्हरी' लिहायचं तर भाडं किमतीत मिसळावं लागतं. समजा, मसाल्याचं पाकीट २०० रुपयांचं आणि कुरिअर ७० रुपये. किंमत लिहायची २७०. एक पाकीट घेणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण एखादी बाई तीन पाकिटं घेते तेव्हा ८१० देते. त्यात भाड्याचे २१० आहेत. तीन पाकिटं एका खोक्यात जातात, आणि कुरिअर समजा ११० रुपये घेतं. उरलेले १०० त्या बाईचे आहेत. जी जास्त घेते, जी पुन्हा पुन्हा येते, तिच्याकडूनच मोफतच्या नावाखाली जास्त काढलं जातं. हे मला खुपतं. शिवाय दौंडची गिऱ्हाईक आणि गुवाहाटीची गिऱ्हाईक एकच भाडं भरतात. पत्राच्या बाबतीत मी हे न्याय्य म्हटलं, पण काळ्या मसाल्याचं ओझं दौंडच्या बाईने गुवाहाटीसाठी उचलावं असं मला वाटत नाही.

त्यात कुरडया. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्या आकड्याचं. ४० बाय ३० बाय २५ चा खोका म्हणजे सहा किलो. त्यात कुरडया बसतात जेमतेम दोन-अडीच किलो, आणि त्या दाबता येत नाहीत, चुरा होतो. मोकळ्या कापसाला चढा दर का, ते अण्णांच्या काट्यापाशी पाहिलेलं मला इथे उपयोगी पडलं. कुरडयांच्या खोक्यात तळाला सांडगे आणि मसाल्याची पाकिटं घट्ट बसवली तर सहा किलोपर्यंत भाडं एक पैसा वाढत नाही. कुरडया जागा खातात, मसाला वजन खातो. दोघांना एकत्र धाडलं की दोघांचंही भाडं निघतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगते, "ताई, खोक्यात अजून तीन किलोची जागा आहे, तुमच्या जावेचं काही मागवायचं असेल तर आत्ताच सांगा." पुष्कळ जणी सांगतात.

पैसे दारात देण्याची ऑर्डर परत आली तर दोन्ही फेऱ्यांचा खर्च माझ्यावर. व्ही. पी. च्या काळात होतं तसंच. म्हणून मोठ्या खोक्याला मी भाडं आधी घेते आणि मालाचे पैसे पोचल्यावर. कुणी रागावत नाही. कशाचे पैसे ते समजलं की माणसं देतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीची सक्ती उरली नाही, तेव्हापासून आमच्या पेठेतल्या आणखी काही जणी यात आल्या आहेत. एक शेवया करते, एक गोधड्या शिवते. गोधडी जड आणि घडी करून दाबता येणारी. कुरडयांच्या खोक्याशेजारी ती छान बसते. पुण्याला जाणारा आमचा माल आम्ही आठवड्यातून एकदा एकाच टेम्पोत घालतो, भाडं वजनावर वाटतो आणि ज्याच्या-त्याच्या बिलावर ती ओळ वेगळी लिहितो. मालाच्या खाली, 'भाडे' म्हणून.