तळटीप १७ : ‘लिथियम-११ ची शेपटी’

१७. लिथियम-११ : ३ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असलेले अल्पायुषी केंद्रक, अर्धायुष्य सुमारे ९ मिलिसेकंद. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता व सहकाऱ्यांनी बर्कलीत त्याचा आकार मोजला. तो अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. कारण शेवटचे दोन न्यूट्रॉन लिथियम-९ च्या गाभ्याला जेमतेम चिकटलेले असतात : ती जोडी सोडवायला सुमारे ०.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, तर स्थिर केंद्रकातून एकच न्यूट्रॉन काढायला सहसा ८ च्या आसपास लागतात. त्यामुळे त्यांची घनता विरळ होत दूरवर पसरते. लेखक तिलाच ‘शेपटी’ म्हणतात.

मजकुरातली ‘पवईची पद्धत’ म्हणजे सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्र सिद्धांतावरची गणिते. तीत प्रत्येक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) मेसॉनांच्या सरासरी क्षेत्रात डिरॅकच्या समीकरणानुसार फिरतो. क्षेत्र पुन्हा न्यूक्लिऑनांवरूनच ठरते, म्हणून दोन्हींचा मेळ बसेपर्यंत आकडेमोड फिरवावी लागते. पवईतल्या आयआयटी मुंबईचे योगेंद्रकुमार गंभीर यांनी पीटर रिंग व थिमेट यांच्यासह १९९० मध्ये ‘ॲनल्स ऑफ फिजिक्स’मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. या विषयावरचा तो एक महत्त्वाचा लेख आहे. त्यात तरंगफलने आवर्ती दोलकाच्या फलनांत मांडली आहेत. ही फलने कडेला फार लवकर शून्याकडे जातात, त्यामुळे लांब शेपटी त्यांत नीट मावत नाही. मजकुरातला पुढचा वाद याच उणिवेबद्दल आहे.