अपुऱ्या उजेडातली झेप

खो-खोत खांबाकडे झेपावणारी मुलगी सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने येत असते. कॅमेऱ्याचे शटर साठांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती दहा सेंटीमीटर पुढे गेलेली असते. फोटोत तिचा चेहरा उरत नाही, चेहऱ्याचा फराटा उरतो. शटर सहस्रांश सेकंदच उघडले, तर ती जेमतेम सहा मिलिमीटर सरकते आणि तिच्या ताणलेल्या बोटांची पेरेसुद्धा मोजता येतात. पण सहस्रांश सेकंदात फोटो उमटायला भरपूर उजेड लागतो. भर दुपारच्या उन्हात तो असतो. पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या छपराखाली दिवे लावून त्याचा दोनशेवा हिस्सासुद्धा मिळणे कठीण. सगळा पेच एवढाच आहे. तो सोडवायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

ढोकी, तेर, धाराशिव या पट्ट्यात हा पेच परका नाही, कारण हा जिल्हा खो-खोचा आहे. २०१६ साली भारतीय महिला संघाचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे इथल्याच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. तिथे नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही याच जिल्ह्याच्या गावी भरली होती. मातीवर, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात खेळला जाणारा हा खेळ गेल्या काही वर्षांत मॅटवर आणि छपराखाली आला. खेळाडूंचे गुडघे वाचले, पावसाची भीती गेली. फोटो काढणाऱ्यापुढे मात्र तोच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. म्हणून त्या प्रश्नाची आणि त्याच्या उत्तराची कुळकथा इथे सांगायची आहे.

आपल्याकडे फोटोग्राफी लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्यांच्या वेळी ओल्या कोलोडियनच्या काचा असत. काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच काच धुवायची. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद श्वास रोखून बसावे लागे. हलला की गेला. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती मांडली, पुढच्या दशकात तिची गती वाढली, आणि उन्हात का होईना, चालतेबोलते जग काचेवर येऊ लागले. ढोकी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ याच कोरड्या काचांच्या युगातले. दरबार, मिरवणुका, शिकारी असे सारे त्यांनी टिपले, पण भरवसा उन्हावर.

मराठी माणसाने खेळ टिपल्याची सर्वांत महत्त्वाची जुनी नोंद १८९९ ची आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला परत इंग्लंडला पाठवावी लागली. भारतीय माणसाने काढलेले ते पहिले चलच्चित्र मानले जाते. म्हणजे आपल्या सिनेमाचा आरंभ खेळापासून झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती कुस्ती हँगिंग गार्डनमध्ये लावली होती. एरवी पैलवान तालमीत, छपराखालच्या हौद्यात घुमतो, पण सावे दादांना उघड्यावर यावेच लागले असते. तालमीतल्या उजेडात त्या वेळची फिल्म काळीकुट्ट निघाली असती.

छपराखाली शिरायला दोन वाटा होत्या. एक, उजेड आपण घेऊन जायचा. दुसरी, आहे त्या उजेडात भागवायचे.

पहिली वाट आधी सापडली, आणि तीही थेट अंधारात. जून १८५१ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचे पान एका चकतीवर चिकटवले, चकती गरगर फिरवली, खोलीत अंधार केला, कॅमेरा उघडा ठेवला आणि लेडन जारमधल्या विजेची एक ठिणगी पाडली. फिरत्या पानावरची अक्षरे वाचता येतील इतकी स्पष्ट उमटली. शटर उघडेच होते. उजेडच क्षणापुरता आला, म्हणून क्षणच उमटला. आजचा प्रत्येक फ्लॅश या एका प्रयोगाचा वंशज आहे.

पण टॅलबटची ठिणगी फार थोडा उजेड देई, एका पानापुरता. मैदानभर उजेड पाडायचा तर जाळ हवा. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झटकन पेटणारी भुकटी तयार केली. भपकन उजेड, मागोमाग पांढरा धूर, आणि हात भाजण्याची धास्ती. धुराने खोली भरली की दुसरा फोटो नाही. १९२९ च्या सुमारास ही आग काचेच्या बल्बमध्ये बंद झाली. धूर गेला, पण एक बल्ब एकदाच चाले, नंतर तो गरम बल्ब काढून दुसरा बसवायचा. खेळ तोवर थांबत नाही.

टॅलबटची ठिणगी पुन्हा हाती घेतली ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन याने, १९३१ च्या आसपास. वायू भरलेल्या नळीतून साठवलेली वीज एकदम सोडायची, पुन्हा साठवायची, पुन्हा सोडायची. सेकंदाच्या काही हजारांश ते लक्षांश भागापुरता लखलखाट, आणि नळी तीच. त्याच्यासोबत काम करणाऱ्या जॉन मिली याने खेळाडू आणि नर्तक अशा उजेडात टिपले आणि ‘लाइफ’ साप्ताहिकातून ते घरोघर पोचले. पुढे अमेरिकेत बास्केटबॉलच्या हॉलच्या छताला असे मोठे फ्लॅश बांधून ठेवण्याची पद्धत पडली. उजेड वरून येतो, खेळाडूच्या डोळ्यांत जात नाही, आणि खाली बसलेला फोटोग्राफर तारेने किंवा बिनतारी ते पेटवतो. उत्तम उपाय आहे, पण तो श्रीमंताघरचा. तालुका पातळीवरच्या स्पर्धेत छताला फ्लॅश कोण बांधणार? आपल्याकडे लग्नात चालणारा कॅमेऱ्यावरचा फ्लॅशच हॉलमध्ये आला. सूर मारणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर दोन-तीन मीटरवरून तो मारला, तर ती क्षणभर आंधळी होते. बहुतेक बंदिस्त स्पर्धांत तो चालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

म्हणून दुसरी वाट. तिचा उगम एका भिंगात आहे. १९२४ साली जर्मनीच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा काढला. त्याचे भिंग लुडविग बेर्टेले या तरुणाने रचले होते, एफ/२ आणि थोड्याच काळात एफ/१.८ (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). त्या काळातल्या साध्या भिंगांच्या मानाने ते कितीतरी पट उजेड आत घेई. एरिख सालोमोन या वकिली शिकलेल्या माणसाने हा कॅमेरा घेऊन न्यायालये आणि राजनैतिक परिषदा फ्लॅशशिवाय टिपल्या. नाझींनी १९४४ साली त्याला आउश्वित्झमध्ये संपवले. त्याची माणसे मात्र बसून बोलणारी होती. धावणाऱ्या माणसासाठी नुसते भिंग पुरत नव्हते, फिल्मही चपळ हवी होती.

ती आली १९५४ मध्ये, कोडॅकच्या ३५ मिलिमीटर ट्राय-एक्स रोलच्या रूपाने. हा रोल आपण पुढे ४०० आयएसओचा म्हणून ओळखला; आयएसओ म्हणजे उजेडाला असलेल्या संवेदनशीलतेचा आकडा. हिशेब करून पाहा. बऱ्यापैकी दिवे असलेल्या हॉलमध्ये ४०० च्या रोलवर, एफ/२.८ च्या भिंगाने शटर मिळते साधारण साठांश सेकंद. म्हणजे आरंभी सांगितलेला तो दहा सेंटीमीटरचा फराटा. त्यावर डार्करूममधला तोडगा होता ‘पुश’ करण्याचा. ४०० चा रोल १६०० चा समजून फोटो काढायचे आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. शटर चौपट जलद होई, पण फोटो रवाळ दिसे आणि काळ्या भागातला तपशील पार नाहीसा होई. आपल्या खेळाडूंचे सावळे चेहरे त्या काळ्या भागातच असत. पांढरा पोशाख लख्ख आणि चेहरा कोळशासारखा, अशी जुन्या वर्तमानपत्रांतली हॉलमधली छायाचित्रे आठवा. त्यात छपाईचा दोष होता तसाच पुश केलेल्या रोलचाही होता.

शिवाय रोल महाग. उटीजवळ हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि ‘इंदू’ नावाची फिल्म देशात बनू लागली, तरी रोलमध्ये छत्तीसच फोटो. त्या जमान्यातला फोटोग्राफर बटण दाबत बसत नसे. तो वाट पाही. उडी मारणारा माणूस वर जातो, क्षणभर थबकतो आणि खाली येतो, त्या थबकण्याच्या क्षणी सव्वाशांश सेकंदातही तो स्पष्ट येतो. कमी उजेडाला दिलेले हे सर्वांत हुशार उत्तर मला वाटते, कारण ते यंत्राने दिलेले नाही, खेळ जाणणाऱ्या डोळ्याने दिले आहे.

मग २००७ साल उजाडले. निकॉनने डी३ हा कॅमेरा आणला. त्याआधी डिजिटल कॅमेरे आयएसओ १६०० ला कण्हू लागत. डी३ सरळ ६४०० ला स्वच्छ फोटो देई आणि ताणला तर २५,६०० पर्यंत जाई. वरचाच हिशेब पुढे न्या. ३२०० वर तोच हॉल, तेच एफ/२.८ भिंग, आणि शटर पाचशेवा भाग. ६४०० वर सहस्रांश. बंद छपराखाली, फ्लॅशशिवाय, धावणारा माणूस रंगीत आणि धारदार उमटू लागला. हॉलमधल्या खेळांच्या फोटोग्राफीचे त्याआधीचे आणि त्यानंतरचे असे दोन भाग करता येतात, असे माझे मत आहे. पुढच्या पाच-सात वर्षांत तीच क्षमता स्वस्त कॅमेऱ्यांत उतरली. आज लग्नाचे काम करणाऱ्या ढोकीच्या किंवा कळंबच्या स्टुडिओतला कॅमेरा त्या डी३ पेक्षा कमी उजेडात बहुधा सरसच ठरेल. सोबत पन्नास मिलिमीटरचे एफ/१.८ चे स्वस्त भिंग असले, तर झूमपेक्षा दुपटीहून अधिक उजेड आत येतो.

शटर जलद झाले आणि एक नवेच भूत दिसू लागले. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब आणि मेटल हॅलाइडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. सहस्रांश सेकंदाच्या शटरला कळते. एकामागोमाग घेतलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा पिवळट, तिसरा अंधारा. २०१४ साली कॅननच्या सेव्हन डी मार्क टू मध्ये अशी सोय आली की कॅमेरा दिव्याची लय ओळखून तो प्रखर असतानाच शटर उघडतो. एलईडीचे काही दिवे आणखी वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे पडतात. संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचणारा सोनीचा ए नाइन थ्री हा कॅमेरा २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला, पण त्याची किंमत गावच्या स्टुडिओच्या आवाक्यातली नाही. सध्या तरी यांत्रिक शटर वापरावे, हेच बरे.

आता खो-खोकडे. कबड्डीत चढाईपटू केव्हा कुठे वळेल याचा नेम नसतो. खो-खोत नियमच फोटोग्राफरच्या मदतीला येतो. खो मिळून उठलेल्या खेळाडूने एकदा दिशा धरली की खांबाच्या पुढे जाईपर्यंत तिला मागे फिरता येत नाही. म्हणजे ती खांबाकडे निघाली, तर खांबाकडेच येणार. मग खांबाच्या मागे, थोडे तिरके, जमिनीलगत बसावे आणि फोकस आधीच खांबावर बांधून ठेवावा. एफ/१.८ वर फोकसची जाडी काही इंचांचीच राहते, त्यामुळे धावत्या मुलीमागे फोकस पळवण्यापेक्षा हा उपाय भरवशाचा. एका हाताने खांब धरून ती आडवी होते, दुसरा हात पळणारीच्या पाठीकडे जातो. पूर्ण ताणलेली ती अवस्था हाच बटण दाबायचा क्षण. आयएसओ ३२०० किंवा ६४००, शटर आठशेव्या भागाच्या खाली नाही, फोटो थोडा रवाळ आला तरी चालेल. रवाळ फोटो छापता येतो, फराटा छापता येत नाही.

हे सारे जमवून आणणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत. तरी शालेय आणि तालुका पातळीवरच्या आपल्या मुलींचे खेळतानाचे फोटो शोधायला गेलात, तर बक्षीस घेताना रांगेत उभ्या असलेल्या मुलीच सापडतात. खेळाच्या इतिहासात त्या उभ्याच राहिल्या. हे बदलायचे असेल तर तीन माणसांनी तीन कामे करावीत. हॉल बांधणाऱ्यांनी न लुकलुकणारे दिवे मागावेत आणि ते मैदानाच्या दोन्ही खांबांवर सारखे पडतात का हे पाहून घ्यावे. मंडळांनी खांबामागे हातभर जागा फोटोग्राफरला द्यावी. आणि फोटोग्राफरने फ्लॅश बॅगेत ठेवून, प्रत्येक फोटोखाली खेळाडूचे नाव, गाव, शाळा आणि तारीख लिहून ठेवावी.