गोवराचा विषाणू आणि अपस्मार

शरीरात वर्षानुवर्षे दडून राहिलेला विषाणू प्रौढांच्या अपस्मारास कारण होतो काय, या प्रश्नाचा मुंबईपुरता मागोवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयापासून घ्यावा लागतो. तेथील नोशीर वाडिया व दाराब दस्तूर यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली गोवरोत्तर मेंदूदाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. बालपणी गोवर येऊन जातो, आईबाप तो विसरतातही. पुढे काही वर्षांनी मुलाची बुद्धी मंदावते आणि ठराविक अंतराने अंगास झटके येऊ लागतात. (हे झटके अपस्माराचेच रूप की निराळे, हा वाद येथे बाजूस ठेवू.) क्वचित हा विकार प्रौढपणीही उद्भवतो. १९६९ मध्येच रुग्णांच्या मेंदूतून गोवराचा विषाणू वेगळा काढण्यात आला असल्याने येथे कार्यकारणभाव निर्विवाद होय.

सामान्य अपस्माराविषयी तसे म्हणवत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढलेल्या, कानशिलालगतच्या मेंदूभागात मानवी हर्पीस विषाणू-६ आढळला खरा. परंतु अपस्मार नसलेल्यांच्या मेंदूतही तो सापडतो. मुंबईतील पारशी वसाहतींच्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हजारी ३.६ व्यक्तींना सक्रिय अपस्मार आढळला. अशी गणना विषाणूविषयी काही सांगत नाही. त्यासाठी मेंदूचे ऊतकच लागते, आणि ते शस्त्रक्रिया वा शवविच्छेदनाविना हाती येत नाही.